पांढरं राहिलेलं फूल

"प्रत्येक बाईचं एक झाड वर फूलमाता देवीच्या बागेत असतंच, तिचा जीव त्यातच असतो. ते घरात कशाला आणतेस?" सासूबाई कुरकुरल्या.

"माझंच आहे ना? मग पाणीही मीच घालणार," म्हणत मी जास्वंदीची कुंडी चीनमधल्या लिऊजौ शहरातल्या आमच्या घराच्या गॅलरीत ठेवली.

या जास्वंदीचं फूल सकाळी पांढरं उमलतं, दुपारी गुलाबी होतं आणि संध्याकाळी लालभडक होऊन गळून पडतं.

आज पहिलं फूल आलं. दुपार झाली तरी ते पांढरंच होतं.

जेवताना सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "छिऊयेन, गाल किती गुलाबी झालेत गं तुझे!"

आता ऊन उतरलंय. फूल अजून पांढरंशुभ्र आहे. सासूबाईंनी घरातला आरसा पालथा घातलाय.

पण मीही हट्टी आहे. गळून पडायचं नाही म्हणून गॅलरीचा कठडा मी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलाय.