भाट्याच्या खाडीतली दोन गलबतं

रघू तांडेलाने चिखलात उतरण्याआधी चपला काढल्या, जोडून काठावर ठेवल्या आणि मगच गलबताला हात लावला. पायात चपला असताना गलबताला शिवायचं नसतं. मग ते चाळीस वर्षं चिखलात कलंडून का पडलेलं असेना.

भाट्याच्या खाडीत अशी दोन गलबतं रुतली होती. एकाच मिस्त्रीच्या हातची, जुळ्या बहिणींसारखी. नावाच्या पाट्या केव्हाच गेलेल्या, कागद कुणाकडे नाहीत. यातलं एक उचलून, डागडुजी करून किनाऱ्यावर कायमचं मांडायचं ठरलं होतं. मंजुरी एकालाच होती. दुसऱ्याच्या जागी धक्का होणार, म्हणून सोमवारी जेसीबी येऊन त्याचं सरपण करणार होता.

कुठलं ठेवायचं ते रघूने सांगायचं होतं. संग्रहालयाच्या मृणालीने तीन दिवस त्याच्या ओटीवर बसून आठवणी फोनमध्ये भरून घेतल्या होत्या. मंगळूरहून कौलं कशी आणली, फाटक्या शिडावर जयगड कसं गाठलं, वारा पडल्यावर चार दिवस भर समुद्रात नुसते कसे डुलत बसले. म्हातारा एकदा सुरू झाला की चहा गार होई, पण गलबत काही बंदराला लागत नसे. आता मृणालीला त्या आठवणींतलं गलबत हवं होतं, आणि त्यावरचा खलाशी गावात हा एकच उरला होता.

रघूचे डोळे अधू झाले होते, हात नव्हते. काठाच्या फळीवरून तळवा फिरवत तो पुढे सरकला आणि थबकला. फळीत एक खाच होती, अंगठा नेमका बसेल एवढी. सोळाव्या वर्षापासून तो इथे उभा राहून बुडीद सोडायचा. बुडीद म्हणजे दोरीला बांधलेला शिशाचा गोळा. त्याच्या बुडाला चरबी फासली की तळाची माती चिकटून वर येई, आणि धुक्यातसुद्धा तिचा नुसता वास घेऊन जुने तांडेल गलबत कुठे आहे ते सांगत. रघूने फक्त खोली ओरडून सांगायची. सात वाव, सहा वाव. ती खोटी सांगितली तर गलबत खडकावर. रघूने उभ्या जन्मात ती कधी खोटी सांगितली नाही.

त्या दोरीने झिजून पडलेली ही खाच. तीन दिवस एवढं बोलला, पण ही सांगायची राहिली होती, कारण त्याला स्वतःलाच ती आठवत नव्हती. अंगठ्याला आठवली. त्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं.

"हेच का, आजोबा?" मृणालीने विचारलं.

रघूने खाच तळव्याने झाकली आणि पलीकडे पाहिलं. वीस पावलांवर, दुसऱ्या गलबताशी, विटक्या लुगड्याचा धूसर रंग दिसत होता. ती गोदा, त्याची धाकटी बहीण. तिचा नवरा बाबू त्या गलबतावर बुडीद सोडायचा. पन्नास वर्षांपूर्वी दाभोळपुढे लाटेने त्याला ओढून नेलं. ना प्रेत मिळालं, ना राख. परत आलं ते एवढं लाकूड. नारळी पुनवेला सगळा गाव समुद्राला नारळ वाहतो. गोदा मात्र आपला नारळ इथे आणून त्या गलबताच्या बुडाशी ठेवते.

काल जेवताना तिने भावाच्या पानात बांगडा वाढला आणि म्हणाली, "तुजं वाचंल. बरं झालं, दादा." त्यापुढे एक शब्द नाही. मागितलं असतं तर रघू कदाचित चिडलाही असता.

"आजोबा?"

"ह्ये नव्हं," रघू म्हणाला. "त्ये."

खोटं सांगून झालं.

गोदा गर्रकन वळली. कुठलं कुणाचं ते तिला का ठाऊक नव्हतं? तिने तोंड उघडलं. रघूने मान हलवली. तसा तिने पदर तोंडाशी धरला.

मृणाली खुशीत त्या गलबताशी गेली. फोन पुढे धरून म्हणाली, "आता दाखवा, बुडीद सोडायला कुठे उभे राहायचात?"

झाली पंचाईत. या गलबतावर रघूने पाऊलही टाकलं नव्हतं. तो उगाच फळी चाचपू लागला. फळी ओळख देईना.

"डोलकाठीच्या म्होरं, डाव्या अंगाला," गोदा म्हणाली. "तितं पाय रोवून उभे ऱ्हायचे. पावसात डोक्याव गोणपाट. आनि परतीला बंदराच्या तोंडाशी आले की दोरी भराभर वडायचे. घरी यायची घाई."

"आजी, तुम्ही होतात गलबतावर?"

"बायकांना कोन चढू देतंय? आयकल्यालं हाय. जेवताना सांगायचे."

"कोण?"

गोदाने मान खाली घातली. नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नव्हतं.

"बाबू," रघू म्हणाला. "हिचा घोव. त्याचं नाव लिव, बाय. पाटीव त्याचंच येऊ दे."

मृणालीने नाव लिहून घेतलं. "आणि आजोबा, तुमचं?"

भरती लागली होती. मागच्या गलबतात पाणी शिरत असल्याचा आवाज येत होता. रघूने वळून पाहिलं नाही.

"माजं ऱ्हाऊ दे, बाय. माजं मला पाठ हाय."