पाच वाजेपर्यंत

लॅपटॉपवरचा बाण दिसत नव्हता. विमलबाईंनी टचपॅडवर चार वेळा बोट फिरवून दाखवलं आणि उत्तमरावांकडे पाहिलं.

"दुपारी मी फडक्यानं पुसला, सर. तेव्हापासून दिसूनच नाही राह्यला."

दोघेही लोणारजवळच्या खेड्यांत मास्तरकी करणारे. बदलीचा अर्ज भरायची मुदत आज पाच वाजेपर्यंत होती आणि साडेचार व्हायला आले होते. मोबाईलवर अर्ज उघडत नव्हता. जो भरणार नाही त्याला उरलेलं गाव मिळणार होतं, आणि उरलेली गावं सगळी जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला होती. तिथे जायचं म्हणजे अख्खा जिल्हा ओलांडायचा. बाईंनी फोन केला तसे उत्तमराव गाडी काढून आले होते.

खुर्चीवर बसताच त्यांना कळलं. वरच्या ओळीतल्या एका बटनावर टचपॅडचं बारकं चित्र होतं. पुसताना ते आणि कोपऱ्यातलं एफएन एकदम दाबलं गेलं असणार. तीच दोन बटनं पुन्हा दाबली की झालं. त्यांच्या शाळेतल्या लॅपटॉपचं महिन्यातून एकदा तरी असं व्हायचं. त्यांनी हात पुढे केला.

तेवढ्यात शेजारचा कागद दिसला. बाईंनी पसंतीची वीस गावं क्रमाने लिहून ठेवली होती. पहिलं सुलतानपूर.

सकाळी उत्तमरावांनी आपला अर्ज भरला, त्यातही पहिलं सुलतानपूरच होतं. जागा एकच होती. त्यांच्या बायकोने तिथे प्लॉटही पाहून ठेवला होता. बाईंची नोकरी त्यांच्याहून तीन वर्षांनी जास्त होती, आणि जागा आधी जास्त नोकरीवाल्याला मिळायची.

त्यांनी हात मागे घेतला.

"बंद करून चालू करून पाहू," ते म्हणाले.

टेबलापासून दोन हातांवर खाटेवर बाईंचे यजमान मोतीराम पडून होते. लॅपटॉप त्यांचाच. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते स्टँडजवळ कॉम्प्युटर क्लास चालवायचे. मग अर्धांगवायूने उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. समज होती तशीच राहिली. त्यांनी डावा हात उचलला, दोन बोटं जोडली आणि खाटेच्या लाकडावर दाबली. पुन्हा दाबली. तोंडातून आवाज काढला.

उत्तमरावांना ते लगेच समजलं. त्यांनी स्क्रीनकडे तोंड केलं.

लॅपटॉप बंद होऊन चालू झाला. बाण नव्हताच. बाई म्हणाल्या, नजीरभाईच्या दुकानातून वायरचा माऊस घेऊन येते, पळत गेले तर दहा मिनिटांचं काम आहे. उत्तमरावांनी घड्याळ पाहिलं. चार चौतीस.

"कायले उन्हात जाता बाई? बॅटरीचं दिसते हे. काढून पंधरा मिनिटं ठेवली की जाग्यावर येते."

बाई थांबल्या. सरांना यातलं कळतं, त्यांनी तालुक्याला दोनदा प्रशिक्षण घेतलं होतं. उत्तमरावांनी लॅपटॉप उलटा करून बॅटरी काढली आणि टेबलावर ठेवली.

मोतीरामांचा आवाज वाढला. बोटं लाकडावर आपटत होती. कपाळावर घाम आला होता. कूस बदलायची वेळ झाली, म्हणून असं करून राह्यले, असं बाईंनी सरांना सांगितलं. दर दोन तासांनी कूस बदलली नाही की पाठीला जखमा होतात. म्हणूनच सुलतानपूर पाहिजे, त्या म्हणाल्या. मधल्या सुट्टीत घरी येऊन परत जाता येते, गाड्या खूप आहेत.

"जरा हात लावता का, सर? माझ्या एकटीच्यानं पूर्ण वळत नाहीत."

उत्तमराव उठले. बाईंनी कंबरेला धरलं, त्यांनी खांद्याला. मोतीरामांनी डाव्या हाताने त्यांच्या शर्टाची बाही घट्ट धरली आणि थेट डोळ्यांत पाहिलं. उत्तमरावांनी एकेक बोट सोडवलं आणि त्यांना भिंतीकडे तोंड करून निजवलं. पाठीमागे उशीही नीट लावून दिली.

बाई कागदावरची गावं पुन्हा पुन्हा वाचत होत्या. उत्तमरावांच्या मनात आलं की आता उठावं आणि चालू करून द्यावं. चार शेचाळीसला आलं, चार पन्नासलाही आलं. ते बसून राहिले. चार पंचावन्नला त्यांनी बॅटरी बसवली. जुना लॅपटॉप घरघरत सुरू झाला. तो पूर्ण उघडेपर्यंत पाच वाजून एक मिनिट झालं होतं. बाई पदराने चष्मा पुसत होत्या, तेव्हा उत्तमरावांनी ती दोन्ही बटनं दाबली.

"आला पाहा," ते म्हणाले. "बॅटरीचंच होतं."

बाई लहान मुलीसारख्या हसल्या. घाईघाईने बाण नेऊन त्यांनी अर्जाचं पान उघडलं. पानावर एकच ओळ होती, मुदत संपल्याची. त्यांनी ती दोनदा वाचली. मग कागदाची घडी केली, आणखी एक केली, इतकी लहान की पुढची पडेना.

"तुमचा काय दोष, सर," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर बिचारे धावत आले."

उत्तमराव किल्ली घेऊन उठले. भिंतीकडून आवाज आला, लांब, घशात अडकत येणारा. मोतीरामांचं सगळं अंग हलत होतं.

बाईंनी डोळे पुसले आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हो, हो. समजलं मले." मग त्या वळल्या. "बसा, सर. चहा घेतल्याशिवाय जाऊ नका म्हणतात हे."

उत्तमराव बसले.