झऱ्याचं कुंपण

धाकू गावड्यांनी गावाचं जुनं दप्तर सोडून रेबेकापुढे आदळलं. "घ्या. हा तुमचा जर्मन खापरपणजोबा."

त्यानं इथं सुपारीची बाग लावली आणि गावाला पाणी दिलं, असं तिनं घरी ऐकलं होतं. अठराशे चौऱ्याहत्तरच्या कागदावर गावकऱ्यांची तक्रार होती: साहेबाने झऱ्यास कुंपण घातले, पाण्यास गेलेल्या बाईवर कुत्रे सोडले, ती मयत झाली.

रेबेकाची पेन्सिल थांबली. "यात तिचं नाव नाही."

"आमच्या घरात आहे. माझी खापरपणजी ती."

"सांगाल का? मला लिहून ठेवायचंय, खापरपणजोबांच्या नावाशेजारी."

गावड्यांनी कागद ओढून घेतला आणि दप्तर बांधलं.

"त्याच्या शेजारी तिला मी बसवणार नाही," ते म्हणाले. "निघा आता."