माणूस पानावर कळतो

जामाईषष्ठी, म्हणजे जावयाचा सण. अनिमेष इलिश माशाचे केसासारखे बारीक काटे इतक्या हळुवार हाताने काढत होता, की पानातलं शीतही हललं नाही.

सासरे निकुंजबाबू बायकोच्या कानाशी लागले. "बघितलंस? माणूस पानावर कळतो. हाव नाही, आवाज नाही. आपल्या झुमुरलाही किती वळण लावलंय."

कणिकाने लेकीकडे पाहिलं. जिच्या हसण्याने शेजारची म्हातारी वैतागायची, ती झुमुर नवऱ्याशेजारी मान खाली घालून जेवत होती.

भात वाढताना कणिका थबकली. झुमुरचा हात पानातच थांबला होता, ओठ गच्च मिटलेले, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"काटा अडकला का गं? अगं, मग खोक ना. नाहीतर हा कोरड्या भाताचा गोळा गिळ."

झुमुरने मानेनेच नको म्हटलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

अनिमेषने शेवटचा घास सावकाश चावून संपवला. बोटं धुतली, रुमालाने एकेक करून पुसली. मग तिच्याकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाला, "हं. खोक आता."