बाबांचा ब्रश

"आधी सांगा, हे केस कोणत्या जनावराचे?" मी विचारलं.

शिरोडकरांच्या गच्चीवर रविवारी आमची जुन्या पद्धतीने दाढी करणारी हौशी मंडळी जमली होती. तोंडाला फेस फासून सगळे एकमेकांचे वस्तरे, ब्रश वापरून बघत होते. मी मात्र प्रत्येक ब्रश हुंगून परत ठेवत होतो. आमच्या घरात कांदासुद्धा शिजत नाही.

"मग तुमचा कशाचा आहे?" शिरोडकर वैतागले.

"माझा वडिलांचा आहे. जन्मात कधी त्यांची पूजा चुकली नाही," असं ठणकावून मी तो त्यांच्या हातात ठेवला.

त्यांनी तो कोमट पाण्यात भिजवला, दुभंगलेली टोकं उन्हात धरून पाहिली आणि म्हणाले, "पुरंदरे, हे डुकराचे केस. अगदी अस्सल."

"शक्यच नाही! बाबा किती जपायचे त्याला! आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. दाढीही पडवीत बसून करायचे, ब्रश तिथल्याच कोनाड्यात ठेवायचे. घरात म्हणून कधी..."



म्हणजे म्हाताऱ्याला ठाऊक होतं!