आदर्श जमाखर्च फलक

"महिला संडास, काम पूर्ण." ग्रामपंचायतीच्या जमाखर्च फलकावरचा कागद गोपिकाने मोठ्याने वाचला आणि ती सरपंचांकडे वळली. "पूर्ण झाला, तं कुठी हाय जी?"

मनोहररावांनी पानाची पिंक फलकाच्या खांबावर सोडली. खांब आधीच लाल होता.

"फलकावर हाय नं बाई. खर्च लोकायसमोर मांडनं आमचं काम. आमच्याकडे लपवाछपवी नाही."

कळमेश्वरच्या अलीकडच्या या गावात बायांना अजून पहाटे नाल्याकाठीच बसावं लागे. खाली चिखल, मागे डुकरं, आणि पुलावरून जाणारा ट्रक हटकून दिवे मारायचा. गोपिकाची जाऊ वच्छला पोटुशी होती. मागच्याच आठवड्यात ती तिथल्या घाणीत घसरून पडली होती.

मनोहररावांना घाई होती ती फलकाची. नागपूरहून मोठे साहेब आदर्श फलक बघायला येणार होते. म्हणून फलकात सुधारणा सुचवा, अशी त्यांनी दवंडी पिटवली.

गोपिका शिव्या देईल, असं सगळ्यांना वाटलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"कागदाले खळ लावता, मंग बकऱ्या खर्च खाऊन टाकतात. तिन्ही बाजूनं भिंती घाला."

भिंती झाल्या. वर टीन पडलं.

"आता सुना कशा वाचतीन जी? चौकात सासरे बसून राह्यतात. त्यायच्यासमोर उभं राहता येते का? दरवाजा लावा. आतून कडी पायजे."

'स्त्री-जागृती' हा शब्द मनोहररावांना भाषणासाठी हवाच होता. संडासापेक्षा दरवाजा स्वस्तही होता. दरवाजा बसला. वारा यावा म्हणून वर जाळी आली.

"पावसाचं पानी आत साचते. मधात मोरी काढून, भिंतीच्या चुन्यासाठी मागं खड्डा खंदला नं, त्यात सोडा. अन् खड्ड्यावर फरशी टाका. साहेब पडले तं?"

साहेब पडण्याच्या कल्पनेने मनोहरराव दचकले. दुपारपर्यंत मोरी निघाली, खड्ड्यावर फरशी पडली.

त्या संध्याकाळी वच्छलाने गोपिकाने वाढलेलं ताट बाजूला सारलं. "त्या लुच्च्यानं आपला संडास गिळला, अन् तू त्याचाच फलक सजवून राह्यली? किळस येते मले तुही."

"गावाचा खर्च बायायले वाचता आला पायजे वं."

"मले कुठी वाचता येते?"

"येईन," गोपिका म्हणाली. "उद्या सकाळी पयला नंबर तुहा."

सकाळी जीप चौकात थांबली. फलकाचं दार आतून बंद होतं आणि बाहेर बायांची रांग देवळाला वळसा घालून गेली होती. चौकातले सासरे मान खाली घालून विड्या ओढत होते.

"जमाखर्च वाचायला एवढी गर्दी!" साहेब जीपमधून उतरत म्हणाले. "मनोहरराव, असं गाव मी जिल्ह्यात पाहिलं नाही."

"जागृती हाय साहेब," मनोहरराव छाती फुगवून म्हणाले.

"मग मीही रांगेतच उभा राहतो," म्हणत साहेब शेवटच्या बाईमागे जाऊन उभे राहिले.

आतली कडी निघाली. कधी नव्हे इतक्या शांत चेहऱ्याने वच्छला बाहेर आली आणि तिने हातातलं रिकामं टमरेल झटकलं.