नमुन्याचं टेबल

किंग्स्टनच्या रॅन्सफर्ड सुताराने डॉमिनो खेळायचं टेबल घडवलं. सोंगटी कितीही जोरात आपटली तरी खाली उडू नये, म्हणून त्याच्या कडा लाटेसारख्या वर वळवल्या. कुणी नक्कल करू नये म्हणून आकाराची नोंदणी करायला गेला, तर नोंदणी कचेरीने टेबलच नमुना म्हणून ठेवून घेतलं. मग नियम बदलला, चित्रं आणा. पुन्हा बदलला, फोटो आणा. खेटे घालून बिचाऱ्याचे जोडे झिजले.

आज तो गेला, तेव्हा कचेरीतले साहेब मागच्या अंगणात डॉमिनो खेळत बसले होते.

"काका, परत नियम बदललाय. आधीच वापरात असलेल्या आकाराची नोंदणी होत नाही," साहेब म्हणाले.

"नियम बदलताय की कपडे? आणि माझं टेबल वापरतंय कोण?"



साहेबांनी दाणकन सोंगटी आपटली. ती उसळली आणि लाटेसारख्या कडेला अडली. "आम्हीच की! रोज!"